पान बावीस

“आज तरी शाईनं लिहा,” काकू म्हणाल्या.

कार्यवाहांनी वहीतून मान वर केली नाही. “दुसरी साक्ष नाही,” एवढंच बोलले आणि पेन्सिलीला टोक करत बसले.

तळ्याच्या बांधावर आठ-दहा जण बसले होते. कुणी दुर्बिणीच्या काचा पुसायला घेतल्या, कुणाला अचानक बुटाची नाडी सैल वाटली. दातांची डॉक्टर निसर्गमंडळात नवीन होती. ही तिची चौथी फेरी, आणि चारही रविवारी तिनं हाच सवाल आणि हाच जबाब ऐकला होता.

मंडळाचा रिवाज सरळ होता. एकट्यानं काही पाहिलं तर ते वहीत पेन्सिलीनं लिहायचं. तेच पाहिल्याची दुसऱ्या कुणी सही केली, की कार्यवाह त्यावर शाई फिरवत. मग नोंद पक्की. वहीच्या पहिल्या पानावर कार्यवाहांनी स्वतःच्या हातानं सात नियम लिहिले होते. नवीन सभासदाला ते वाचून सही करावी लागे. डॉक्टरनं पहिले दोन-तीन वाचले होते आणि सही ठोकून दिली होती. पाठीमागे सगळे कार्यवाहांना ‘कायदा’ म्हणत. अंगणात चिमणी आली तरी हा माणूस आधी साक्षीदार शोधेल, अशी थट्टा चाले.

पान बावीसवरची नोंद तीन वर्षं पेन्सिलीतच होती. ‘काळा करकोचा, एक. लव्हाळ्याच्या कडेला. सकाळी सहा चाळीस.’ गोल, घाईचं अक्षर. बोटं लागून लागून पुसट झालेलं.

“माझ्या मुलाचं अक्षर आहे ते,” काकूंनी तिला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. “या तळ्यावर काळा करकोचा कुणी कधी पाहिलेला नाही. सगळे हसले त्याला. म्हणाले, पाणकावळा पाहिला असशील. फार लागलं गं त्याला ते. दुसऱ्या दिवशी फोटो काढायला एकटाच आला. लव्हाळ्यात चिखल किती खोल असतो ते...”

त्यांनी पदरानं कप पुसायला घेतला होता.

“त्या सकाळी त्याच्याजवळ कुणीच नव्हतं?” डॉक्टरनं विचारलं होतं.

“सगळे पलीकडच्या काठाला होते. हेसुद्धा.” काकूंनी हनुवटीनं कार्यवाहांकडे दाखवलं. “विचारून विचारून थकले मी. एवढी एक नोंद पक्की झाली ना, तर माझा मुलगा खोटं बोलला नव्हता एवढं तरी मागे राहील.”

तेव्हापासून कार्यवाह डॉक्टरच्या मनातून पार उतरले होते. काकूंचं मात्र तिला नवल वाटे. सगळ्यांना मोठ्या थर्मासातला चहा देऊन झाला, की त्या पिशवीतून एक छोटा थर्मास काढत आणि एक शब्द न बोलता कार्यवाहांच्या शेजारी ठेवत. बिनसाखरेचा चहा. असल्या माणसाच्या साखरेची काळजी करायला मन केवढं मोठं लागतं, असं तिला वाटे.

आज कार्यवाहांनी नवी कोरी वही आणली होती. जुनीची पानं सुटायला लागली होती. पक्क्या नोंदी तेवढ्या नव्या वहीत उतरवायच्या आणि जुनी रद्दीत टाकायची, असं ठरलं होतं. काकूंनी कप खाली ठेवला. त्यांनी जुन्या वहीच्या सुटलेल्या पानांवरून हात फिरवला. ते पाहून डॉक्टरला राहवलं नाही.

“मी पाहिला होता,” ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या.

“तीन वर्षांपूर्वी मी इथं बहिणीकडे आले होते. सकाळी या बांधावर फिरायला यायची. तुमची वही पाहिली आणि आठवलं.”

तिला इथं बहीण नव्हती. खोटं बोलायची सवयही नव्हती. दुखणार नाही हं, एवढं एक सोडलं तर.

 कार्यवाहांनी पान बावीस उघडलं. “पाय कुठल्या रंगाचे?”

“लाल. चोचही लाल.”

“पोट?”

“पांढरं.” काल पुस्तकात वाचलेलं कामी येत होतं.

कार्यवाहांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. शाई नीट उतरते का ते त्यांनी समासात दोनदा पाहिलं. काकूंनी तोंडाला पदर लावला.

“शेवटचं. उडाला तेव्हा कुठे गेला?”

हे वहीत नव्हतं. पुस्तकातही नव्हतं. डॉक्टरनं अंदाजानं हात केला. “पलीकडे. टेकडीकडे.”

पेन कागदावर टेकलं होतं. लिहा आता, लिहून मोकळे व्हा, ती मनातल्या मनात म्हणत होती. त्यांनाही लिहायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण चुकीचं निरीक्षण पुढे जाऊ द्यायचं नाही, ही सवय त्या माणसाच्या हाडीमाशी खिळलेली होती.

“नाही,” ते म्हणाले. “टेकडीकडे नाही. आमच्या डोक्यावरून गेला, रस्त्याच्या बाजूला. पंखांचा आवाज आला.”



“तुम्ही होतात तिथं?” काकूंनी विचारलं.

“शेजारीच उभा होतो. त्यानं माझा दंड घट्ट धरला होता.”

डॉक्टर ताडकन उठली. “मग त्याच दिवशी सही का नाही केलीत? सगळे त्याला हसत होते तेव्हा तोंडातून एक शब्द काढता आला नाही तुम्हाला? तो दुसऱ्या दिवशी इथं आलाच नसता.”

कार्यवाहांनी पेनाला टोपण लावलं. वहीचं पहिलं पान उघडून तिच्यापुढे धरलं आणि चौथ्या नियमावर बोट ठेवलं.

“बापाची साक्ष धरत नाहीत,” ते म्हणाले.