पिवळी रेघ

आमच्या विमानतळावर बस नाही. सुट्टीच्या हंगामापुरती विमानं येतात, माणसं शिडीवरून उतरतात आणि पिवळ्या रेघेवरून चालत काचेच्या दाराशी येतात. अंतर हाकेचं. माझ्या सासूबाईंनाही धाप लागत नाही.

हंगामातलं शेवटचं विमान आलं. बाहेर शिकणारी आमची लेक उतरली आणि आम्हाला पाहून तिने हात केला. बाकीचे आत आले, बॅगा घेऊन गेलेसुद्धा. ती अजून चालतच होती.

"येतेय की, बाई. जरा दम धरा," दारावरचा रखवालदार म्हणाला.

शिडी ढकलत नेली. विमान वळलं, उडालं. ती पाय उचलत होती, टाकत होती आणि तिथल्या तिथेच होती. रखवालदाराने तोंड फिरवलं.

"अहो, दार धरून ठेवा," मी ह्यांना म्हटलं आणि धावले. मला कुणी अडवलं नाही.

तिच्यापाशी मी लगेच पोचले. तिला कवटाळलं. मी परवाच पाठवलेल्या नव्याकोऱ्या सँडलचे तळ पार झिजले होते.

"चल बाळा, बाबा उभे आहेत."

आम्ही निघालो. समोर हे दार धरून उभे होते. आम्ही चालत राहिलो. हे तेवढ्याच लांब, दार धरून उभे होते. तिचा हात घट्ट धरून मी झपाझप पावलं उचलली.

"पळू नकोस, आई," ती दमल्या आवाजात म्हणाली. "मी पळून बघितलंय."