बाप्पाची जागा

नव्या जर्मन गाडीच्या दारावर नेर्लेकर हात फिरवत राहिले, हँडलच सापडेना. सेल्समनने हसत एका जागी दाबलं, तसं ते अलगद बाहेर आलं.

नवराबायको आत बसल्यावर तो म्हणाला, "बटणंही गेली, सर. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती स्क्रीन. एवढं पालटलं, तरी किंमत फक्त नऊ लाखांनी वाढलीय."

नऊ लाख ऐकून नेर्लेकरांचा चेहरा पडला. पण 'दसऱ्याला जर्मन गाडी' असं सोसायटीभर सांगून झालं होतं. आता माघार कुठल्या तोंडाने घ्यायची?

तेवढ्यात उज्ज्वलाताईंनी विचारलं, "आमचा गणपती कुठे बसवायचा?"

सेल्समन गडबडला. "मॅडम, स्क्रीनवर काही चिकटवता येत नाही."

"मग राहू द्या. ज्या गाडीत बाप्पाला जागा नाही, ती आमच्या दारात नको. चला हो."

बाहेर आपल्या बारा वर्षांच्या गाडीत बसताच नेर्लेकरांनी डॅशबोर्डवरच्या इवल्या गणपतीला मनापासून हात जोडले. "वाचवलंस रे बाबा!"

"त्याला कसले हात जोडता?" पट्टा लावत उज्ज्वलाताई म्हणाल्या. "किंमत ऐकल्यावरचा तुमचा चेहरा पाहिला मी. गणपती काय, आरशाला टांगायचाही मिळतो."