कठड्याशी

सिव्हिल इंजिनीअरिंगच्या वर्गात सरांनी फळ्यावर गॅलरी काढली आणि खडू हातातच राहिला. आज हेच गणित करायचं, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेलं होतं. पण गेल्या आठवड्यात लांबच्या एका कॉलेजात वसतिगृहाची गॅलरी मुलांसकट खाली आली होती, आणि वर्गात प्रत्येकाने ते फोटो पाहिले होते. सरांना मुलं ‘ओळंबा’ म्हणत, कारण गवंड्याच्या ओळंब्यासारखे ते ठरल्या रेषेपासून कधी डावी-उजवीकडे ढळत नसत. आजही ढळले नाहीत. “भिंतीतून बाहेर आलेली गॅलरी. सळ्या किती लागतील ते काढा,” म्हणाले आणि खुर्चीत बसले.

गॅलरीवरच्या माणसांच्या वजनाला पुस्तकात ‘लाइव्ह लोड’ म्हणतात. एरवी हा शब्द आला की मागच्या टेबलावरची मुलं वर्गातल्या सगळ्यात जाड्या मित्राला उभं करत. आज तो आपणहून उठला असता तरी कोणी हसलं नसतं.

खिडकीजवळच्या मुलीला शेजारणीने हळूच विचारलं, “तू लहानपणी तिथेच राहायचीस ना? तुझं कोणी होतं का गं त्यात?”

“नाही.”

“सुटलीस बाई.”

सुटली कसली. तिचे बाबा त्याच वसतिगृहाचे रेक्टर होते. तिची सगळी प्राथमिक शाळा त्या गॅलरीखालून ये-जा करण्यात गेली. पण तेव्हाची मुलं आता बाप्ये झाली होती, आणि परवा पडली ती तिच्या ना नात्याची ना गोत्याची. मग रडायचं तरी कुणाच्या नावाने? घरी फोन केला तर आईने आधीच बजावलं, बाबांसमोर विषय काढू नकोस. तिने काढला नाही. तेव्हापासून मेसचं ताट ती तसंच परत ठेवत होती. पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती दिसत, डोक्यात काही शिरत नसे. आजही जमलं नाही तर शिक्षण सोडून सरळ घर गाठायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

तास संपत आला तसे सर टेबलांमधून फिरायला लागले. तिच्या शीटवर उत्तर होतं, पण सळ्या इतरांपेक्षा कितीतरी जास्त.

“इथे काय हत्ती उभे करायचेत?” मग त्यांनी शीट जवळ ओढली. “भार सगळीकडे सारखा पसरून धरायचा असतो. तू सगळा टोकाला, कठड्याशी नेऊन ठेवलास. का?”

“माणसं सारखी पसरून उभी राहत नाहीत, सर. खाली ओळखीचं कोणी दिसलं की सगळी कठड्याशी येतात.”

“हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?”

“मी खाली असायचे, सर.”

सरांनी शीट खाली ठेवली. मग तीच सांगत गेली. ती शाळेतून यायची तेव्हा वर कोणी टॉवेल वाळत घालत असे, कोणी येरझाऱ्या घालत पाठांतर करत असे. एकाला ती दिसली की तो ओरडायचा, “दप्तर आलं रे!” कारण तिच्यापेक्षा दप्तरच मोठं होतं. मग मुलं खोल्याखोल्यांतून धावत यायची, कठड्यावरून वाकायची, तेराचा पाढा म्हणायला लावायची आणि चुकला तरी वरून गोळ्या टाकायची. ती मुद्दाम बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसायची. आत कोणी राहिलं असेल तर त्यानेही यावं म्हणून.

“आणि गॅलरी?” सरांनी विचारलं.

“रोज पेलायची, सर.”

एवढं म्हटलं आणि तिला रडू फुटलं. आठवडाभर अडलेलं, अगदी मोठ्याने. सगळ्या माना तिकडे वळल्या. सरांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि ती कोणाला दिसणार नाही असे, वर्गाकडे पाठ करून तिच्या टेबलापुढे उभे राहिले. घंटा झाली तरी ते हलले नाहीत.