हिरव्या झाकणाच्या डब्या

पद्मजाने पहिल्या डबीवर हिरवं झाकण घट्ट फिरवलं.

टेबलावर स्टीलची दोन भांडी होती. एकात प्रयोगशाळेतल्या तरुण श्यामलाचं औषध. सांधेदुखीचं हे औषध श्यामलाने डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कणांत भरलं होतं. ते कण कातडीतून आत शिरून थेट दुखऱ्या सांध्यापर्यंत पोचणार, गोळी नको की सुई नको. दुसऱ्या भांड्यात तसंच दिसणारं, तसाच वास येणारं साधं मलम. निम्म्या रोग्यांना खरं द्यायचं, निम्म्यांना साधं. कुणाला काय मिळालं हे रोग्याला कळायचं नाही, डॉक्टरला नाही आणि खुद्द श्यामलालाही नाही. औषधाला हिरवं झाकण आणि साध्याला निळं, हे फक्त प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या ओगले सरांना आणि पद्मजाला ठाऊक होतं.

पद्मजा साध्या मलमाच्या डब्यांना हिरवी झाकणं लावत होती आणि औषधाच्या डब्यांना निळी.

"ताई, चहा आणू?" दाराबाहेरून श्यामलाचा आवाज आला.

"आण. पण आत यायचं नाही. तुला बघायची परवानगी नाहीये."

"म्हणून तर सरांनी तुम्हाला सांगितलं. म्हणाले, पद्मजाकडे काम दिलं की डोळे मिटून बसावं."

"मग मीट," पद्मजा म्हणाली.

बारीक कणांची ही कल्पना मूळची पद्मजाची. फार वर्षांपूर्वी तिने ती सरांपुढे मांडली, तेव्हा सर हसले होते. "अहो, कातडी म्हणजे काय चाळणी आहे?" मग जर्मनीहून श्यामला आली. तीच गोष्ट तिने रंगीत चित्रं दाखवून इंग्रजीत सांगितली आणि सर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. वर्तमानपत्रात फोटो छापून आला. त्यात कडेला पद्मजाचा कोपर आला होता.

"तुमच्या त्या श्यामलाचा फोटो पाहिला," कोथरूडच्या घरी जेवताना नवरा म्हणाला होता. "हुशार दिसते हो पोरगी."

पद्मजाने त्याच्या ताटात भाजी जरा जोरातच वाढली.

डब्या इस्पितळात गेल्या. पद्मजा अधूनमधून तिकडे चक्कर मारायची. कामापेक्षा वाईट बातमी ऐकायलाच जास्त. एकदा बाकावर कात्रजच्या पलीकडच्या गावातली बायडाबाई भेटली. तिची बोटं वाकडी होऊन सुजली होती.

"काय बाई, पडला का फरक?"

"कशाचा फरक! बोटं हाय तशीच हायती. उलट लावलं की आग हुतीया. भाकरी थापाय येत न्हाई."

हिच्या वाट्याला हिरव्या झाकणाखालचं साधं मलमच आलं असणार, पद्मजाला वाटलं. हिला खरं औषध मिळालं असतं तर आज भाकऱ्या थापल्या असत्या. ही कुणाची शिक्षा कुणाला? सगळं सरांना सांगून टाकावं, असं क्षणभर तिच्या अगदी ओठांवर आलं.

"पर ती श्यामलाबाई लई मायेनं इचारती," बायडाबाई पुढे म्हणाली. "पोटच्या पोरीवानी. म्हनून लावते."

ओठांवर आलेलं पद्मजाने गिळून टाकलं. म्हणजे इथेही तीच!

निकालाच्या दिवशी पद्मजा ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. श्यामलाला काय म्हणायचं ते तिने रिक्षातच ठरवलं होतं. 'असं होतं गं पहिल्या खेपेला. फार मनाला लावून घेऊ नकोस.' हे म्हणताना तिच्या पाठीवरून हात फिरवायचा, हेसुद्धा.

श्यामलाचा चेहरा पांढराफटक पडला होता. पद्मजाला फार दिवसांनी गार वाटलं.

ओगले सर उठले. निकाल त्यांनी कुणालाच कळू दिला नव्हता.

"निळं झाकण ज्यांना मिळालं, त्यांना काडीचाही फरक नाही. काहींना तर नुसती आग झाली." सरांनी पान उलटलं. "हिरव्या झाकणाच्या रोग्यांचं दुखणं मात्र निम्म्याहून कमी झालं. काहींची वाकडी बोटं सरळ व्हायला लागली. आणि आता सांगायला हरकत नाही. हिरव्या झाकणाखाली होतं श्यामलाचं औषध!"

सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. पद्मजाचे हात मात्र मांडीवरच राहिले.

श्यामला रडत व्यासपीठावरून खाली उतरली ती थेट पद्मजाकडे आली. तिने पद्मजाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"या डब्या ताईंनी भरल्या. ताई नसत्या, तर आजचा हा निकाल लागलाच नसता."