मोकळं कपाळ

शालूबाईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. लॅपटॉपच्या पडद्यावर त्या स्वतःकडे बघत राहिल्या. नवरा गेल्यापासून त्यांनी कुंकू लावलं नव्हतं. काल काढलेल्या फोटोतही ते नव्हतं.

"हे कुणी लावलं?"

"मी, काकू. कॉम्प्युटरवर," साक्षी खुशीत म्हणाली. "कसं खुलून दिसून राहिलं बघा."

साक्षी वसमतची. वेबसाइट बनवणं हा तिचा धंदा, आणि कुरुंद्याच्या या हळद गटाची वेबसाइट तिनं जीव ओतून केली होती. वर झेंडूचं तोरण, मधे हळकुंडांची रास, खाली ठळक अक्षरांत 'लग्नाची खास हळद'. फोन नंबर इतका मोठा, की चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही वाचता यावा. सगळं झकास जमलं होतं. खुपत होतं ते एवढंच, कपाळावरचं.

"पुस ते," शालूबाई म्हणाल्या.

"काकू, ऐका ना. माल कोणता अन् गिऱ्हाईक कोण, हे बघून वेबसाइट करावी लागते. लग्नाची हळद म्हणजे शकुनाची गोष्ट. लोक आधी फोटो बघतेत. मोकळं कपाळ दिसलं की दुसरीकडं जातेत."

पोरगी खोटं बोलत नव्हती, हेच तर वाईट होतं. हळद लावायला, खुरपायला, काढायला, शिजवायला, वाळवायला बाईचं मोकळं कपाळ चालतं. तेव्हा कुणाला शकुन आठवत नाही. उन्हाळाभर शालूबाईंची नखं पिवळी असतात, त्याचंही कुणाला काही वाटत नाही. तीच हळद वाटीतून मांडवात गेली, की मग मात्र ती बाई नको असते.

त्यांच्या एकुलत्या लेकीच्या, शिवकन्याच्या लग्नात हेच झालं होतं. हळद शालूबाईंच्या रानातली, त्यांनीच दळलेली. लेकीच्या गालाला लावायला त्यांनी वाटीत बोटं बुडवली, तर विहीणबाईंनी भर मांडवात त्यांचं मनगट धरलं. "तुमी बाजूला थांबा. शुभ कामात अपशकून नको." शालूबाई बाजूला थांबल्या. बोटं मांडवाच्या खांबाला पुसली. त्या दिवसाचा राग अजून जात नाही. विहिणीचा थोडा, गुमान बाजूला झालेल्या स्वतःचा जास्त.

"गिऱ्हाईक कोण हे तू ठरवलं," त्या साक्षीला म्हणाल्या. "आता मी ठरवते. कुंकू पुस, अन् फोटोखाली मी सांगते तसं लिही."

त्या सांगत गेल्या. साक्षीची बोटं आधी चालली, मग अडखळली, मग पुन्हा चालली. पडद्यावर उमटलं ते असं: 'ही हळद माझी आहे. नऊ महिने रानात जपली, शिजवली, वाळवली, दळली. माझ्या लेकीच्या लग्नात मात्र मला लावू दिली नाही. ज्यांना माझे हात चालतात, त्यांनीच ही हळद घ्यावी.'

हळद चाळणारी राणी चाळणी टाकून धावत आली. गटातली ती सगळ्यात भित्री, आणि बऱ्याचदा तिचंच खरं ठरायचं.

"शालूबाई, डोकं ठिकाणावर हाय का? शिवकन्याच्या सासरी हे बघतील ना. तिचा सासरा जाऊन वर्ष झालं. आता घरात सगळी सत्ता विहीणबाईची. तुमी इथं मोठेपणा कराल अन् पोरगी तिथं भोगंल."

याच भीतीनं तर शालूबाई इतकी वर्षं गप्प बसल्या होत्या. जवळा बाजारला लेकीकडे गेल्या तरी दारातच चहा पिऊन परत यायच्या. पण गप्प बसून लेकीचं काय भलं झालं होतं? उद्या नातीच्या हळदीलाही कुणीतरी कुणाचं मनगट धरणारच होतं.

"माझी लेक मुकी न्हाई," त्या म्हणाल्या. "टाक, साक्षी."

साक्षीनं बटण दाबलं.

दोन दिवस फोन वाजला नाही. साक्षी 'मी सांगत होते' असं म्हणाली नाही, हा तिचा भलेपणा. तिसऱ्या दिवशी दुपारी शालूबाई आणि राणी अंगणात हळकुंडं निवडत असताना फोन वाजला. नाव बघून राणीचा चेहरा पडला. फोन जवळा बाजारहून होता. विहीणबाईंचा.

शालूबाईंनी पदर खोचला आणि फोन कानाला लावला. भांडायचंच असेल तर त्यांची तयारी होती. शब्द कधीपासून ओठांवर होते.

"शिवकन्यानं तुमची ती वेबसाइट दाखवली," विहीणबाई म्हणाल्या. "तिनंच वाचून दाखवलं. सगळ्यांच्या म्होरं."

"मग?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"बुधवारी धाकट्याची हळद हाय. माझ्या जावा मला म्हणून राहिल्या, तुमी मांडवाबाहेर बसा." विहीणबाईंचा आवाज चढला. "नऊ महिने पोटात वागवला त्याला. मी न्हाई बसणार बाहेर. तुमची हळद पाठवून देता का? मीच लावते."

शालूबाईंनी आपल्या पिवळ्या नखांकडे बघितलं. ओठांवरचे ते सगळे शब्द त्यांनी गिळले.

"पाठवत न्हाई," त्या म्हणाल्या.

राणीनं कपाळावर हात मारला.

"घेऊन येते. बघू, आपल्या दोघींना मांडवातून कोण बाजूला काढतंय."