शुक्रवारचा समुद्र

“चौदा उत्तर, चौसष्ट पूर्व,” लालासाबचाचा म्हणाले आणि खुर्ची ओढून वीरेशशेजारी बसले.

अक्षांश-रेखांशांचा हा आकडा सांगायची खरं तर गरज नव्हती. वीरेशला तो पाठ झाला होता. गेलं वर्षभर दर शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून चाचा या नेट कॅफेत येत होते. पत्र्याच्या ट्रंका ठोकून राठ झालेले हात स्वच्छ धुतलेले, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानात अत्तराचा फाया. पहिल्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं, “पोरगं माझं तिथं हाय. मुजम्मिल. जहाजावर फिटर म्हणून लागला.”

वीरेश मूळचा नेसरी गावचा. भौतिकशास्त्रात एमएस्सी झाला होता आणि नोकरी मिळेपर्यंत कॅफे सांभाळत होता. तो अरबी समुद्राचा अंदाज शोधून काढायचा आणि मराठीत सांगायचा. वारा कुठल्या दिशेचा, लाटा किती उंच. ऐकून झालं की चाचा दोन्ही हात पसरून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायचे, हात चेहऱ्यावरून फिरवायचे आणि उठायचे.

“आलं का हवामान खातं?” काउंटरवरून कॅफेचे मालक बाळासो ओरडले. “चाचा, एवढा समुद्र ऐकून तुमच्या ट्रंकांना गंज चढंल की!”

“चढू द्या. मग तुम्हालाच देईन दोन, स्वस्तात.”

बाळासो खदखदून हसले. वीरेश हसला नाही. त्याच्यासमोर पान हळूहळू उघडत होतं.

एक गोष्ट त्याला पहिल्यापासून खटकायची. जहाज एका जागी राहत नाही, मग आकडा बदलत का नाही? समुद्रातली तेलविहीर असेल म्हणून त्यानं नकाशा पाहिला, तर तिथं खोली जवळजवळ चार किलोमीटर; तसं तो चाचांना म्हणालाही होता. तिथं ना विहीर खणता येते, ना नांगर टाकता येतो. शेवटी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. पोरानं कधीतरी फोनवर जागा सांगितली असेल आणि बाप तोच आकडा धरून बसला असेल. चुकीच्या जागेचा अंदाज ऐकून म्हातारा समाधानानं जातोय, तर कशाला बोला?

पान पूर्ण उघडलं. चक्रीवादळाचं लाल वर्तुळ समुद्रावर बसलं होतं आणि त्याच्या पुढच्या वाटेची तुटक रेघ बरोबर त्या आकड्यावरून जात होती.

“काय म्हणतोय समुद्र?” चाचांनी विचारलं.

खोटं सांगावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण पेपरात उद्या येणारच होतं.

“वादळ हाय, चाचा. मोठं हाय. उद्या-परवा त्याच जागेवरनं जाणार. पण तुम्ही घाबरू नका. जहाज आता तिथं नसणार. कप्तानाला आधीच इशारा मिळतो, जहाजं बाजूला होतात.”

चाचांनी पडद्यावरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं.

“मुजम्मिलला न्हाय हलता येत,” ते म्हणाले.

बंद पडलेलं इंजिन, आडवं झालेलं जहाज, त्याच्यावर चालून येणाऱ्या लाटा, सगळं वीरेशला एकदम दिसलं.

“म्हंजे? इंजिन बंद पडलंय? कंपनीला ठाऊक हाय का?”

“ठाऊक हाय की. त्यांनीच तर आकडा दिला मला.”

“आणि काही करत नाहीत?”

“करायचं तेवढं केलं त्यांनी. नीट केलं. माझी तक्रार न्हाय.”

बाळासोंचं हसू कधीच मावळलं होतं. ते फोन उचलूनच पुढं आले. “तक्रार न्हाय म्हंजे काय? अवो, पोरगं वादळात सापडतंय आणि तुम्ही हितं बसलाय व्हय? नंबर सांगा. मुंबईला लावतो. आत्ता झाडतो एकेकाला!”

चाचांनी हातानंच त्यांना थांबवलं आणि वीरेशकडे वळले.

“तू शिकलेला हाईस. मला एक सांग. वादळाच्या लाटा खाली कुठवर हलवत्यात पाणी?”

बाप जहाज बुडाल्याचं मनात धरून बसलाय, असं वीरेशला वाटलं. पण प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तर त्याला येत होतं.

“लाट वरवरचीच असते, चाचा. आपल्या रंकाळा तलावावर वारं सुटलं की वरचं पाणी नाचतं, तळाचा गाळ तसाच राहतो ना? तसंच. समुद्रातली लाट फार मोठी, म्हणून ती जास्त खोल जाते. तरी शे-दोनशे मीटरच्या खाली तिचा जोर संपतो.”

“आणि अगदी तळाला? तू चार किलोमीटर म्हणालतास.”

“तिथं तर काहीच पोचत नाही. अंधार, गारठा आणि शांत पाणी. वर केवढंही वादळ होऊ दे, खाली कळणारसुद्धा नाही.”

“पक्कं?”

“पक्कं.”

चाचांनी डोळे मिटले. त्यांचे खांदे सैल झाले. मग त्यांनी नेहमीसारखे दोन्ही हात पसरले, ओठ हलले, हात चेहऱ्यावरून फिरले. बाळासो रिसीव्हर धरून तसेच उभे होते. आतली टूंss ऐकू येत होती.

“चाचा, नंबर,” ते हळू आवाजात म्हणाले.

“ठेवा फोन, बाळासो,” चाचा उठत म्हणाले. “बंदर लई लांब हुतं. म्हणून जहाजावरच्यांनी जनाज्याची नमाज पढली आणि तिथंच पाण्यात माती दिली त्याला.”