डांबराचं टायर

अमरसिंहानं माव्याची पिंक दुकानातल्या जुन्या टायरात मारली आणि गुंडूनं तोंड फिरवलं. अमरसिंह रस्त्यांचा ठेकेदार आणि गुंडू त्याच्या जीपवरचा ड्रायव्हर. अकरा वर्षं झाली, पिंक काय तो आज पहिल्यांदा बघत नव्हता. पण आज मालकाचं सगळंच त्याला नकोसं झालं होतं, हातातल्या सोन्याच्या कड्यापासून पायातल्या पांढऱ्याफेक बुटांपर्यंत.

दुकान शाहूपुरीतलं, जिनपालअण्णांचं. जीपची चारही टायरं झिजून टकली झाली होती, म्हणून अण्णांनी दोन जातीची टायरं पुढं मांडली होती. एक खोल खाचांचं, निव्वळ चिखलाचं. डांबरावर ते घूंऽऽ करत बोंबलणार, झिजणार लवकर, पण काळ्या रानातनं गाडी ओढून बाहेर काढणार. दुसरं दिसायला रांगडं आणि चालायला डांबराचं. खडी, माती त्याला चालते. नदीकाठच्या मळीचा चिखल मात्र एकदा खाचांत बसला की गाडी जाग्यावरच गरागरा फिरणार. अण्णांनी हातचं काही न राखता सगळं सांगितलं.

अमरसिंहानं दुसऱ्यावर पाय ठेवला आणि म्हणाला, हेच बसवा.

गुंडूचं काळीज लक्कन हललं. त्याची वस्ती कुरुंदवाडच्या अलीकडं, फाट्यापासनं दीड किलोमीटर आत, मळीच्या काळ्या रानात. पावसाळ्यात ॲम्ब्युलन्स फाट्यावरच उभी राहते. पुढं जाते ती फक्त ही जीप. गेल्या साली शेजारच्या चिमणाबाईच्या छातीत कळ आली, तवा हिच्यातनंच तिला बाहेर काढलेली. गाडी न्यायला मालकानं कधी नको म्हटलं नव्हतं, एवढं पुण्य त्याच्या नावावर होतं. आणि आता ऐन पावसाळ्यात गुंडूची थोरली, क्रांती, पहिलटकरीण, माहेरी आली होती. डॉक्टरांनी आठ दिवसांवरची तारीख दिलेली. आधीच कुरुंदवाडात आत्याकडं हलवू म्हटलं तर बायको ऐकेना. पहिलं बाळंतपण, पोर आपल्याच उंबऱ्यातनं दवाखान्यात जाणार, असा तिचा हट्ट.

गुंडूनं मालकाला चिखलाचं टायर घ्या म्हणून तीनदा सांगून बघितलं. जिनपालअण्णांनीही त्याचीच री ओढली. मळीत जायचं असेल तर ड्रायव्हरचं ऐका म्हणाले. अमरसिंह दात काढून हसला. त्या टायरांच्या आवाजात फोन ऐकू येत नाही म्हणाला. मणका दुखतो म्हणाला. हातातला चहा सांडला नाही पाहिजे, असंही वर म्हणाला. ऐकून गुंडूला शिसारी आली. ह्याच्या चहासाठी माझी पोटुशी पोर चिखलात लोळायची? थू त्या चहावर. पण थुंकायचा मान दुकानात एकट्या मालकालाच होता.

शेवटी त्यानं मन घट्ट केलं. "मालक, पोरीचं आठ दिसांवर आलंय. ह्या टायरनं गाडी वस्तीवर पोचत न्हाय."

अमरसिंहानं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला दारापाशी नेलं. माव्याचा भपकारा गुंडूच्या तोंडावर आला.

"येड्या, मणक्याचं न्हवं रं ते," तो हळू आवाजात म्हणाला. "तुझ्या वस्तीचा रस्ता झालाय. कागदावर झालाय. सोमवारी तपासणीवालं ह्याच गाडीत बसणार. फाट्यावरची पाटी दावायची, फोटू काढायचा, आन् माघारी कुरुंदवाडात जेवायला. चिखलाचं टायर बघून कुणी इचारलं, रस्ता झालाय तर हे कशाला, तर काय सांगू?"

गुंडूला आधी नीट कळलंच नाही. मग त्यानं विचारलं, "झालाय म्हणून लिवून कुणी दिलं?"

"तूच की. वस्तीवरचा माणूस म्हणून सही तुझीच हाय."

मे महिन्यात फाट्यापाशी पन्नास पावलं खडी पडली होती. त्या दिवशी मालकानं बॉनेटवर कागद ठेवला होता. काम सुरू झाल्याचा असेल, असं गुंडू समजला. विचारलं नाही, वाचलं नाही. मालकानं दिलेला कागद वाचून बघायचा म्हणजे मालकावर संशय घेतल्यासारखं. अन्नाला जागणाऱ्या माणसानं तसं करायचं नसतं, हे त्याला बापानं शिकवलेलं. आणि सही तरी कशी ठोकली होती, बापाच्या नावासकट, आडनावाखाली रेघ ओढून. अकरा वर्षं त्यानं ह्या माणसाची किळस गिळली होती. आता स्वतःचीच आली, आणि ती गिळता येईना.

अमरसिंह बोलतच होता. नात झाली तर बारशाचे पेढे माझ्याकडनं, म्हणाला. मग आत वळून त्यानं अण्णांना टायरं चढवायला सांगितली.

गुंडूनं खिशातली किल्ली काढली आणि अण्णांच्या टेबलावर ठेवली. 

"बसवा अण्णा, मालक म्हणत्यात तीच बसवा." मग तो अमरसिंहाकडं वळला. "सही माझी हाय न्हवं, मालक? मग सोमवारी त्या तपासणीच्या पावण्यास्नी फाट्यापासनं माझ्या घरापतोर मीच न्हेतो. चालत."